नेंगा साद्राची हॉटेलातली न्येपी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा नेंगा साद्रा गेली सव्वीस वर्षं आमच्या गावात पेचालांग आहे, म्हणजे गावाचा राखणदार, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं राखणदारांचा प्रमुख. या कामाला पगार नाही. कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र, डोक्याला फेटा आणि गळ्यात शिट्टी, एवढीच कमाई. मिरवणुकीपुढे रस्ता मोकळा करायचा, देवळाच्या उत्सवात गाड्या नीट लावून घ्यायच्या, कोंबड्यांच्या झुंजीत कोणी पिऊन भांडण काढलं तर त्याला मानेला धरून घरी पोचवायचं. मी त्याला ब्ली म्हणते, थोरल्या भावाला म्हणतात तसं, आणि भांडते मात्र सख्ख्या भावापेक्षा जास्त. आमची घरं एका भिंतीच्या दोन बाजूंना आहेत. माझा नवरा गेल्यापासून माझं ताटही बहुतेक वेळा भिंतीच्या पलीकडेच असतं, त्यामुळे ब्लीबद्दल मी सांगते ते ऐकीव नाही.

त्याचा खरा दिवस न्येपीचा. वर्षाचा पहिला दिवस, सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. चूल नाही, दिवा नाही, काम नाही, करमणूक नाही, दाराबाहेर पाऊल नाही. विमानंसुद्धा उतरत नाहीत. सगळं बेट घरात आणि रस्त्यावर फक्त ब्लीसारखे राखणदार. फटीतून मोबाइलचा उजेड दिसला तरी तो दारावर काठी ठोकतो. एका न्येपीला माझ्या पायात काटा मोडला होता म्हणून मी मेणबत्ती लावली, तर ठकठक. मी आतून म्हटलं, "अरे ब्ली, मी आहे." बाहेरून आवाज आला, "मी म्हणजे कोण? पूर्ण नाव सांग." आणि माझं नाव त्याच्या वहीत लिहिलं! आदल्या संध्याकाळी ज्या बाईने याला केळीच्या पानावर जेवायला वाढलं होतं, तिचं नाव. मी दहा दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

त्याचा सगळ्यात मोठा राग होता हॉटेलात पळणाऱ्यांवर. हल्ली पैसेवाली घरं न्येपीच्या आदल्या दिवशी समुद्रकाठच्या हॉटेलांत जाऊन राहतात. हॉटेलच्या आवाराबाहेर जाता येत नाही हे खरं, पण आत थंड हवा, मंद दिवे, तीन वेळा जेवण आणि पोरांना टीव्ही. ब्ली अशा घरांची नावं तोंडपाठ सांगायचा. "म्हणे न्येपी पाळली," तो ताटावर बसून बडबडायचा, "गादीवर लोळून आणि कोळंबी खाऊन. मग आमचं डुक्कर रोजच न्येपी पाळतं."

यंदा माघारीचा प्रसंग त्याच्यावरच आला.

माझी बहीण रस्मिन, हिच्या मानेवर गाठ आली. ती मला पहिल्यांदा दिसली ती बाजारात. म्बोक, म्हणजे माझी ही थोरली बहीण, पहाटेपासून नारळाच्या झावळीच्या टोपल्या विणून त्यात फुलं भरते आणि पूजेसाठी विकते. मान खाली घालून विणत होती आणि मला वाटलं, गळ्याशी फूल अडकलंय. काढायला हात लावला तर गाठ. शहरातल्या इस्पितळात सुई घालून तिचा तुकडा काढला आणि तपासायला सुराबायाला पाठवला. तिथल्या डॉक्टरीणबाई, फ्लोरेस बेटाकडच्या, मार्गारेता नावाच्या, सरळ बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "दहा ते पंधरा दिवस. वाईट असू शकतं, साधंही असू शकतं. मी उगाच धीर देत नाही. निकाल आला की त्याच मिनिटाला फोन करीन." आणि अकराव्या दिवशी न्येपी.

म्बोकचा मुलगा गेडे सानूरच्या किनाऱ्यावर एका पंचतारांकित हॉटेलात कपडे धुण्याच्या विभागात मुकादम आहे. न्येपीला त्याला तिथेच राहावं लागतं. त्याने कर्मचाऱ्यांच्या सवलतीत एक खोली घेतली, तिघांची, दोन रात्री, सोबत दोघींना मालीश. फोनवर त्याने आधी मलाच सांगितलं, कारण तो हुशार आहे.

मी जेवताना विषय काढला. ब्लीने घास खाली ठेवला.

"माझा मुलगा मला हॉटेलात बोलावतो? मला?"

"तुला नाही, त्याच्या आईला बोलावतोय. तू सामान उचलायला ये."

"सार्नी, सव्वीस वर्षं मी लोकांच्या दारावर काठी ठोकली. उद्या लोक माझ्या तोंडावर ठोकतील."

"ठोकू देत. तोंड मजबूत आहे तुझं."

"घरात काय वाईट आहे? घर तिचं, अंथरूण तिचं—"

तेव्हा म्बोक बोलली. एवढा वेळ ती भात चिवडत होती. ती म्हणाली, "चोवीस तास अंधारात. टोपली विणायची नाही, चूल पेटवायची नाही, सार्नीशी भिंतीवरून बोलायचं नाही. हात रिकामे असले की आपोआप इथे जातात." तिने मानेला हात लावून दाखवला. "तुम्ही तर बाहेर फिरत असता. मला अंधाराचं भय नाही हो. मला माझंच भय वाटतं."

ब्ली उठून डुकरांना घालायला गेला, जे मी आधीच घातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिट्टी आणि वही उपप्रमुख मर्ताच्या हाती दिली आणि सांगितलं, "बायकोच्या तब्येतीचं आहे. यंदा तू बघ." कुठे चाललो ते सांगितलं नाही. पण मी भाजी आणायला गेले तर भाजीवालीने विचारलं, "काय गं, त्या हॉटेलात पोहायचा तलाव आहे म्हणे?"

आम्ही दुपारीच पोचलो, कारण संध्याकाळी राक्षसांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली की रस्ते बंद. हॉटेलच्या दारात एका मुलीने आमच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या आणि गारेगार रुमाल हातात दिले. म्बोकने माळ उलटून पाहिली आणि माझ्या कानात म्हणाली, "चाफा कालचा आहे." मला बरं वाटलं. गेल्या दहा दिवसांत तिने पहिल्यांदा कुठल्या फुलाला नाव ठेवलं होतं.

खोली तळमजल्यावर, समोर वाळू आणि समुद्र. न्हाणीघर आमच्या स्वयंपाकघराएवढं, त्यात पांढरा टब, एखादं वासरू आरामात झोपेल असा. ब्लीने आत पाऊल टाकल्या टाकल्या छोट्या फ्रिजचा प्लग उपटला. मग टीव्हीचा. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला, ते कसं बंद करायचं या विचारात. तो म्हणाला, "मी हॉटेलात आलोय, पण न्येपी मोडायला आलेलो नाही. तुम्ही दोघी काय हवं ते करा. मी पाळणार."

आणि पाळली त्याने! सकाळी सहाला पडदे ओढून, चौकड्यांचं वस्त्र नेसून, खुर्चीत ताठ बसला. थंड हवेचं यंत्र बंद. उपास. आम्ही नाश्ता करून आलो तेव्हा तो घामाने निथळत होता. म्बोक म्हणाली, "अहो, निदान खिडकी तरी उघडा." तर म्हणे आवाज बाहेर जाईल. कसला आवाज? घामाचा?

फोन टेबलावर मधोमध ठेवला होता. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत नव्हतो, म्हणजे किती बघत होतो ते तुम्हीच समजा. म्बोकने हॉटेलचे सगळे टॉवेल घड्या मोडून परत घातले. गेडे कामातून दोनदा डोकावून गेला. "आला?" "नाही." एवढंच.

अकराच्या सुमाराला ब्लीला बसवेना. तो व्हरांड्यात गेला, आणि सव्वीस वर्षांची सवय, फिरायला लागला. हात पाठीमागे, नजर दारांच्या फटींवर. शेजारच्या खोलीत जकार्ताचं एक कुटुंब होतं, त्यांचा टीव्ही मोठ्याने चालू. ब्लीने दार वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईने त्याचं वस्त्र आणि फेटा बघून हातच जोडले आणि टीव्ही बंद केला. पुढच्या खोलीचा पडदा नीट लावून घेतला. तलावापाशी खिदळणाऱ्या दोन गोऱ्या पोरांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. हॉटेलच्या व्यवस्थापकाला वाटलं की इथल्याच गावाने माणूस पाठवलाय. त्याने ब्लीला वाकून नमस्कार केला आणि शहाळं पुढे केलं. "उपास आहे," ब्ली म्हणाला, आणि छाती फुगवून खोलीत परतला. मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर तो फिरून आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. दिवसभरात तेवढा एक तास त्याला दुसरं काही आठवलं नसावं.

तीन वाजता आमची मालीश. फोन न्यायचा की नाही यावर पाऊण तास गेला. म्बोक म्हणाली, "मी नाही नेणार. तिथे वाजला तर मी त्या पोरीसमोर काय करू? तुम्ही ठेवा." ब्लीने फोन दोन्ही हातांनी घेतला, देवळातलं तीर्थ घेतात तसा.

मालीशची जागा हॉटेलच्या पार दुसऱ्या टोकाला, बांबूच्या भिंतींची, समुद्राकडे उघडी. आम्हाला कागदाच्या चड्ड्या दिल्या. म्बोकने ती उजेडात धरून पाहिली. "सार्नी, ही नेसायची की हिच्यात फुलं भरायची?" मालीश करणाऱ्या दोघी पोरी खालमानेने हसल्या. एकीने म्बोकच्या पाठीला तेल लावलं, आणि मानेकडे सरकायला लागली तशी म्बोक म्हणाली, "तिथे नको गं, बाळ." पोर काही विचारत बसली नाही. तिने म्बोकचे हात घेतले आणि एकेक बोट चोळायला लागली, चाळीस वर्षं झावळ्या चिरून भेगाळलेली बोटं. मी शेजारच्या बाकावर पालथी पडले होते. रस्त्यावर गाडी नाही, आभाळात विमान नाही, समुद्राचा आवाजही कोणी दाबून धरल्यासारखा. थोड्या वेळाने मला म्बोकच्या घोरण्याचा आवाज आला. अकरा दिवसांत ती रात्रीची धड झोपली नव्हती. मी मनात म्हटलं, गेडे, तुझं भलं होवो.

आता तिकडे काय झालं ते मला मागाहून कळलं, ब्लीकडून थोडं आणि बाकीच्यांकडून जास्त.

आम्ही गेल्यावर ब्ली एकटा राहिला. उकाडा, उपास, आणि समोर फोन. न्हाणीघरात तो टब. त्याचं म्हणणं, तो फक्त तोंड धुवायला गेला होता. मग त्याने नळ सोडून बघितला. मग पाणी वाया जाईल म्हणून आत बसला. गळ्यापर्यंत. जाईच्या वासाचा फेसही होता म्हणे, तो कसा झाला ते त्याला माहीत नाही. न्येपीला करमणूक बंद असते, आणि नेंगा साद्रा, अकरा वर्षांचा प्रमुख, फेसात डोळे मिटून पडला होता तेव्हा फोन वाजला.

मार्गारेताबाई इस्पितळात पाळीवर होत्या. म्हणाल्या, "आज इथे शांतता आहे म्हणून मी सुराबायाच्या मागेच लागले. साधी गाठ आहे. काळजीचं काही नाही. सहा महिन्यांनी परत दाखवा." ब्लीने त्यांना तीनदा तेच वाक्य म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी त्या रागावल्या, तेव्हा त्याला खरं वाटलं.

मग त्याने हाताला लागला तो हॉटेलचा पांढरा झगा अंगावर चढवला आणि बाहेर आला. आतल्या वाटेने मालीशच्या जागेकडे जायचं तर तीन तलाव आणि जेवणघराला वळसा. वाळूवरून सरळ दोनशे पावलं. न्येपीला वाळूवर पाऊल टाकायचं नसतं. हे त्याच्याइतकं त्या किनाऱ्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं. ब्ली वाळूवरून धावला. साठ वर्षांचा माणूस, अनवाणी, फेटा डोक्यावर तसाच, कानांत फेस, आणि तोंडाने ओरडत, "गेडेची आई! साधी आहे! गेडेची आई, गाठ साधी आहे गं!"

कोंबडंसुद्धा दबकून आरवतं त्या दिवशी तो आवाज किती लांब गेला असेल! मी दचकून उठले. म्बोक आधीच बसली होती, टॉवेल छातीशी धरून.

"कोणीतरी तुम्हाला हाक मारतंय का?" पोरीने विचारलं.

"आमच्यातलं नाही कोणी," म्बोक म्हणाली. "आमचे हे आज ओरडणार नाहीत."

मग परत आलं, "साधी आहे!" म्बोकने माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवत राहिले. ती बाकावरून उतरली. पोरीने तिला धरलं, मी त्या पोरीला धरलं, आणि आम्ही तिघी तशाच तेलकट जमिनीवर बसून रडलो. पोरीला आम्ही का रडतोय हे ठाऊक नव्हतं, तरी ती रडली.

बाहेर बघितलं तर ब्ली पकडला गेला होता. त्या किनाऱ्याचे दोन राखणदार, एक पोक्त आणि एक पंचविशीचा, त्याच्या दोन बाजूंना उभे. पंचविशीचा वही काढून म्हणत होता, "पूर्ण नाव?"

"नेंगा साद्रा."

पोराची पेन्सिल थांबली. "तुम्ही... मागच्या महिन्यात आम्हाला शिकवायला आला होता ना? कारण विचारत बसायचं नाही, आधी नाव लिहायचं, असं?"

"हो. लिही."

"पण तुम्ही—"

"अरे, लिही म्हणतो ना! साद्राला 'द्र' नीट काढ." ब्ली हसत होता. गालांवरून पाणी वाहत होतं, टबातलं की डोळ्यांतलं ते त्यालाच विचारा. "आणि काय दंड असेल तो लाव. माझ्या गावालाही कळव. नाहीतर राहू दे, मीच सभेत उभा राहून सांगतो. फक्त मला तेवढं तिच्यापर्यंत जाऊ दे."

पोक्त राखणदार पुढे झाला. तो म्हणाला, "नाव लिहिलंय. कारण आम्ही विचारलेलं नाही. पण अख्ख्या किनाऱ्याने ऐकलंय." मग त्याने काठी बगलेत धरली आणि ब्लीच्या झग्याचा सुटलेला पट्टा स्वतः बांधून दिला. "जा आता. चालत जा. आणि आवाज खाली."

वरच्या सज्ज्यांत माणसं येऊन उभी होती. जकार्ताच्या त्या बाईने आधी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. ब्लीने वळून ओठांवर बोट ठेवलं. काय माणूस आहे! तशातसुद्धा.

म्बोक झावळ्यांच्या छपराखाली उभी होती. तो तिच्यासमोर येऊन थांबला. तिने त्याच्या कानातला फेस बोटाने काढला आणि हुंगला.

"जाई?" ती म्हणाली.

"मी फक्त तोंड धूत होतो," ब्ली म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही दिवा लावला नाही. कोणी सांगितलं म्हणून नाही, लागलाच नाही. आठ वाजायच्या आत म्बोक झोपली आणि तिच्या शेजारी ब्ली खुर्चीत बसल्या बसल्या. मी व्हरांड्यात बसून गेडेने आणलेला अख्खा तळलेला मासा एकटीने खाल्ला.

सकाळी सहाला न्येपी संपली. बाहेर एकदम मोटारसायकली, कोंबडे, पोरं, सगळं पुन्हा सुरू झालं. ब्ली तोंडातल्या तोंडात सभेतलं भाषण पाठ करत होता, "मी नेंगा साद्रा, माझ्याकडून चूक झाली..." आणि प्रत्येक वेळी 'चूक' या शब्दापाशी त्याला हसू फुटत होतं. आम्ही नाश्त्याला गेलो. म्बोकला उशीर झाला, म्हणाली पुढे व्हा.

ती आली ती जरीचं जांभळं वस्त्र नेसून. जेवणघरातल्या बायका वळून बघत होत्या. ब्ली म्हणाला, "अरे वा, हे कधी घेतलंस?" माझा चमचा मात्र हातातच राहिला. हे वस्त्र मी ओळखत होते. सुई घातली त्या रात्री म्बोकने मला पेटी उघडून दाखवलं होतं. आईने तिला दिलेलं, कधी न नेसलेलं. म्हणाली होती, "सार्नी, मला शेवटी हे नेसव. यांना सापडणार नाही, तू लक्षात ठेव." मी तेव्हा तिला शिव्या घातल्या होत्या आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले होते.

मी हळूच म्हटलं, "हे बॅगेत घेऊन आली होतीस?"

"म्हटलं, काय सांगावं. असावं जवळ," ती म्हणाली आणि ताटात भात, तळलेलं अंडं आणि मिरचीचा सांबल वाढून घेतला. ब्ली आमच्या दोघींकडे बघत राहिला. त्याला सांगावंच लागलं नाही. त्याचा चेहरा एकदम उतरला, आणि त्याने टेबलाखालून त्या वस्त्राचा काठ मुठीत धरला.

म्बोकने पहिला घास घेतला आणि चमच्यातला सांबल सांडला, थेट मांडीवर, जरीच्या मधोमध. लाल तेलाचा डाग पसरत गेला. मी रुमाल घेऊन धावले. ती त्या डागाकडे बघत बसली आणि मग खुदखुदायला लागली, खांदे हलवत, ठसका लागेपर्यंत.

"गेलं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता शेवटाला दुसरं शोधावं लागणार."

"शोधू," ब्ली म्हणाला. "घाई नाही. आधी अंडं खा."